हरळीवरची चाकोरी

चाकोरी फार खोल नव्हती. बोटाची दोन पेरं बुडतील एवढीच. मातीत ट्रॅक्टरच्या टायरची तिरपी नक्षी उमटली होती आणि प्रत्येक ठशाच्या तळाशी हरळीची पाती आडवी दाबली गेली होती. मंजुषाताईंनी वाकून एक कोंब नखाने उचलून पाहिला. पेराशी तो दुमडला होता, पण पेर अजून हिरवं होतं.

"ताई, उठा तिथनं. माती गार हाय," ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली घरकामाची कुसाबाई म्हणाली.

"उठते."

विटांनी भरलेली ट्रॉली सकाळीच हिरवळीवरून गेली होती. मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला, तिठ्यावरचं हे कोपऱ्यातलं घर. दोन बाजूंना रस्ता, मध्ये मेंदीचं कुंपण. ट्रॅक्टर एका बाजूची मेंदी मोडून आत शिरला, ओट्याला घासून तिरपा पुढे गेला आणि दुसऱ्या बाजूची मेंदी मोडून बाहेर पडला. दोन समांतर चाकोऱ्या, या रस्त्यापासून त्या रस्त्यापर्यंत.

ही हिरवळ त्यांच्या यजमानांची, त्र्यंबकरावांची. घोटीला त्यांच्या मामाच्या बांधावरची हरळी त्यांनी गोणपाटात बांधून आणली होती आणि सुट्टीच्या दिवशी उकिडवं बसून पेर पेर लावली होती. पाटबंधारे खात्यातला शांत माणूस; आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. पण हिरवळीवर चप्पल घालून कोणी आलं, की तेवढ्यापुरता चढायचा. फाटकसुद्धा त्यांनी मुद्दाम स्कूटर जाईल एवढंच ठेवलं होतं. "मोठं फाटक केलं की उद्या कोणीतरी गाडी आत घालेल," असं ते म्हणत.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा दुसरा झटका आला, तेव्हा ॲम्ब्युलन्स त्या फाटकामुळेच तिठ्यावर थांबली. स्ट्रेचर मेंदीत अडकायला लागलं, म्हणून त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. मान एका बाजूला कललेली, लेंगा पोटरीपर्यंत वर गेलेला. शेजारपाजारचे सगळे फाटकांशी उभे. वाटेत त्यांच्या पायातली चप्पल गळून हिरवळीवर पडली. मंजुषाताईंनी ती उचलून हातात धरली आणि तशीच हातात घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या.

तेव्हापासून ते दवाखान्यातच होते. बोलणं गेलं होतं. नाकात नळी. फक्त उजव्या हाताची बोटं चादरीवरून फिरत, मध्येच चिमटीत काहीतरी धरत, उपटत. डॉक्टर म्हणाले, त्याला काही अर्थ नसतो. मंजुषाताईंनी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली होती. आधी निरीक्षण लिहा, अनुमान मागाहून, हे त्या मुलांना सांगत आल्या होत्या. म्हणून त्या नुसतं पाहत होत्या. तण उपटताना त्र्यंबकरावांची बोटं अशीच चालायची.

फोन वाजला. पुण्याहून येऊन दवाखान्यात बसलेला मुलगा, अश्विन.

"आई, डॉक्टर आत्ता येऊन गेले. पुन्हा तेच. घरी नेताय की इथेच ठेवताय?"

"बघते."

"तू रोज बघतेच म्हणतेस. माझं म्हणणं तुला माहितीये. घरी काही झालं तर आपण दोघं काय करणार?"

"तिथे ठेवून डॉक्टर काय करणारेत?"

अश्विन म्हणाला, "ते म्हणाले, इथे काय नि घरी काय, आता फारसा फरक नाही. पण आई, निर्णय माझ्यावर नको टाकूस."

"नाही टाकत. बघते."

फोन ठेवला, तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. समोरच्या प्लॉटवर बंगला बांधणारा मुबीन कॉन्ट्रॅक्टर आला होता. मागे ट्रॅक्टरचा ड्रायव्हर केरू, खाली मान घालून. दोन गडी फावडी-घमेली घेऊन चालत येत होते.

"मॅडम, गलती आमची आहे, पहिलं ते कबूल करतो," मुबीन म्हणाला. त्याने चपला फाटकाबाहेरच काढल्या. "साहेब एकदा मला चपलांवरून बोलले होते. याद आहे. आज माझ्याच ट्रॉलीनं हे करून ठेवलं."

"पण आत घातलीच कशी? रस्ता मोकळा होता."

"विचारा यालाच. सकाळपासून मी विचारतोय, तर नुसतं डोकं खाजवतोय. घरी बायकोसमोरपण असाच उभा राहत असेल."

केरूने मान वर केली नाही. "तिठ्यावर उतारा व्हता, बाई. नारळ, लिंबू, भात. बरोबर चाकाखाली येत व्हता."

"लिंबाला घाबरून याने मेंदी मोडली," मुबीन म्हणाला. "अरे, बाजूनं काढायची."

"बाजूला तुमचीच खडी पडलीय, शेठ. आन भरल्याली ट्रॉली वळणावर मागं घ्यायची कशी? वाकडी होऊन गटारीत गेली असती. आत घातली तर घातली, मग थांबून चालंना. ओली माती, रुतली असती." त्याने हातातलं फडकं पिळलं. "लिंबाला नाय भ्यालो मी. कुणाच्या तरी घरात लय आजारी माणूस आसल, तवाच ठेवत्यात ना? त्याच्यावरनं चाक घालायचं जीवावर आलं."

ओट्यावर कुसाबाईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. ती मंजुषाताईंकडे पाहत होती आणि मंजुषाताई मातीकडे.

काल, अवसेच्या संध्याकाळी, कुसाबाई म्हणाली होती, "ताई, तुमचा इश्वास नाय, म्हाइत हाय मला. पर एकदा उतरून टाकू द्या सायबांवरनं. साहेब न्हाय, तर त्यांच्या सदऱ्यावरनं." मंजुषाताईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मग कपाटातून निळ्या रेघांचा सदरा काढून त्यांनीच दोन्ही हातांनी समोर धरला. कुसाबाई नारळ ओवाळत होती तेव्हा सदऱ्याच्या बाह्या हलत होत्या.

"केरू," त्या म्हणाल्या, "तो उतारा आमच्याच घरचा होता."

केरूने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"साहेबांसाठी?" केरूने विचारलं.

"हो."

"मंग बरं झालं, बाई, वलांडला नाय ते."

मंजुषाताईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळे थोडं ओठांतच अडखळलं. "कुसाबाई, चहा टाक सगळ्यांना. आलं घाल."

मुबीनला आता काम दाखवायची घाई झाली. "मॅडम, नर्सरीतून कार्पेट लॉन मागवतो. सतरंजीसारखं गुंडाळून येतं. टाकलं की झालं. परवापर्यंत ओळखू येणार नाही."

"ते गवत वेगळं. ही हरळी आहे."

"मग हीच लावू. किती दिवसांत भरेल?"

हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. दाबलेली माती खुरप्याने सैल करायची, पेरं पुरायची, पाणी द्यायचं. पण हे थंडीचे दिवस. थंडीत हरळी वाढत नाही, नुसती जीव धरून राहते. शिमगा होईपर्यंत नवा कोंब फुटणार नाही. आणि शिमग्याबद्दल दवाखान्यात कोणीच बोलत नव्हतं. डॉक्टर पंधरा दिवसांच्या पलीकडचं काही सांगत नव्हते.

"वेळ लागेल," त्या म्हणाल्या.

"लागू दे. आज निदान माती तरी भरून घेऊ. पाय मुरगळायचा कुणाचा." मुबीनने गड्यांना खूण केली. "चला रे. आधी मोडलेली मेंदी बांधून घ्या, मग खड्डे बुजवा."

एका गड्याने मेंदीची मोडकी फांदी उचलून सुतळी काढली. दुसऱ्याने फावडं मातीत घातलं. पहिला ढिगारा ठशांवर पडला आणि हिरवी पेरं त्याखाली गेली.

मंजुषाताई ओट्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. इथून दोन्ही चाकोऱ्या सरळ दिसत होत्या. तिठ्यापासून निघून, मोडलेल्या मेंदीतून, थेट या पायरीपर्यंत. दोन्हींमधलं अंतर एका गाडीएवढं. खालची माती दाबून कडक झाली होती. पुन्हा चाक आलं तरी रुतणार नव्हतं. पायरीच्या वर ओटा, ओट्याला लागून पुढची खोली, खोलीची खिडकी हिरवळीवर उघडणारी. त्या खिडकीशी पलंग मावेल का, हे त्यांनी मनात केव्हाच मोजून ठेवलं होतं. मावत होता.

"थांबा," त्या म्हणाल्या.

फावडं थांबलं. मुबीनने वळून पाहिलं. "काय झालं, मॅडम?"

"मेंदी बांधू नका. आणि चाकोरी बुजवू नका, एवढ्यात तरी." त्यांचा आवाज प्रयोगशाळेत निघायचा तसाच निघाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "उद्या इथून ॲम्ब्युलन्स आत येईल, पायरीपर्यंत. साहेबांना मी घरी आणतेय."