क्रेनवरून खाली

कारखान्यात एचआरच्या बाई जेवायच्या खोलीत आल्या की रंगलेल्या गप्पा थांबायच्या. त्यांच्याकडून बोलावणं आलं की भलेभले आपल्या चुका आठवू लागायचे. घरी नवरा चेष्टेनं म्हणायचा, "यमाला निदान रेडा तरी असतो, तुला तेवढीही सोय नाही." बाई हसायच्या, पण ते हसू ओठांपुरतंच असायचं.

एक क्रेनचालक मात्र त्यांना कधीच बिचकला नाही. बाई नव्या होत्या तेव्हा त्यानंच त्यांना सगळी शेड हिंडून दाखवली होती. तेव्हापासून त्या त्याला काका म्हणत आणि काका त्यांना हक्कानं "पोरी" म्हणत.

त्या सकाळी काकांनी लोखंडी तुळयांचा गठ्ठा क्रेननं उचलला. तो उतरत असताना खालून चारचौघे जिवाच्या आकांतानं "थांबा, थांबा" म्हणून ओरडले. गठ्ठा खाली येतच राहिला. खाली काम करणाऱ्या फिटरनं उडी मारली म्हणून त्याचा पाय वाचला.

बाईंनी काकांना आपल्या खोलीत बसवलं आणि त्यांच्या पाठीमागे उभं राहून नेहमीच्या आवाजात विचारलं, "काका, पाणी देऊ?"

काका समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

बाई समोर येऊन बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कधीपासून ऐकू येत नाही?"

काकांचा चेहरा पडला. "कळलंच नाही गं. पोरं हातवारे करून सांभाळून घ्यायची. साहेबांना सांगू नकोस, पोरी. त्या क्रेनवर बसलो की मी कुणीतरी असतो."

"आज फिटर जन्माचा अधू झाला असता, काका."

काका उठून बाहेर गेले.

बाईंनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग द्या नारळ म्हाताऱ्याला."

"त्यांचे कान याच शेडमधल्या आवाजानं गेलेत, साहेब. त्यांना काढायचं असेल तर आधी मला काढा."

साहेब तापले, टेबलावर हात आपटून झाला. बाई जागच्या हलल्या नाहीत. अखेर ठरलं: काकांना त्याच पगारावर साखळ्या आणि हूक तपासायचं काम, कानाचं यंत्र कारखान्याच्या खर्चानं, आणि शेडमधल्या प्रत्येकाच्या कानांची तपासणी.

ही बातमी सांगायला बाई स्वतः गेल्या. काकांनी ऐकून घेतलं आणि मान फिरवली. "जन्मभर आभाळातून माल नेला, आता कोपऱ्यात साखळ्या चिवडू? त्यापेक्षा हाकलायचं होतंत, मॅडम."

त्यानंतर "पोरी" ही हाक बाईंच्या कानावर कधी आली नाही. काका समोरून जात, गरज पडली तर दोन शब्द बोलत, तेही अहो-जाहो करून. तपासणीत शेडमधल्या दोघा तरुणांचे कान नुकतेच बिघडू लागल्याचं निघालं. वेळेवर उपचार सुरू झाले. पण बाईंना येऊन कुणी काही म्हटलं नाही.

"एवढं करून पदरात काय पडलं?" जेवताना नवऱ्यानं विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "समाधान तरी मिळतं का गं तुला या नोकरीत?"



"फिटर रोज आपल्या पायांनी घरी जातो. ते बघते तेव्हा मिळतं," त्या म्हणाल्या. "काका मॅडम म्हणतात तेव्हा..."

वाक्य तिथंच सोडून त्यांनी ताटातला भात कालवायला घेतला. नवऱ्यानं त्यावर आमटी वाढली.