आधी वाच ना, आई

मार्गशीर्षातली सकाळ. तळ्यावर धुक्याचे शुभ्र, संथ थर. काठाला कापणी झालेली धानाची शेते. पलीकडे ऐनाच्या झाडांचे निःशब्द, निळसर अरण्य. पूर्वेने केशर शिंपले आणि बघता बघता सारे जळ ताम्रवर्ण झाले.

त्या तळ्याकाठी वनरक्षकाची चौकी. चौकीत हेमराज, त्याची बायको ज्योत्स्ना आणि त्यांची नऊ वर्षांची मैथिली. शाळा अरण्यापलीकडे, आठ कोसांवर. मधली वाट अस्वलांची. म्हणून ओसरी हीच शाळा, आणि आई हीच बाई.

मैथिली बोलू लागली की निर्झर वाहू लागे. रोज सांजवेळी ती फोनवर आबाजींना दिवसभराचे अरण्य सांगे. आबाजी म्हणजे ज्योत्स्नाचे वडील, दशरथ धकाते. दूरच्या गावी हातमागावर कोसा रेशीम विणणारे. ते ऐकत, हुंकार देत, हसत.

पण वही उघडली की निर्झर गोठे. मैथिलीने एक शब्द लिहावा, आणि ज्योत्स्नाच्या लाल पेनाने त्यावर झडप घालावी. वेलांटी चुकली. मात्रा राहिली. ओळ वाकडी. पानभर रक्तवर्ण रेषा, आणि त्या रेषांआड मिटून गेलेली एक पोर.

ज्योत्स्ना कठोर नव्हती. ती भ्यालेली होती. तिच्या लहानपणी, भरल्या वर्गात, गुरुजींनी तिचा निबंध वाचून दाखवला होता, एकेक चूक उंचावून. आणि चाळीस मुले हसली होती. त्या दिवसापासून तिने सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिले नव्हते. आपल्या लेकीवर कुणी हसू नये, एवढेच तिला हवे होते.

आणि त्या वर्षी दिवाळीनंतरच्या तापाने आबाजींचे कान नेले.

बरे झाल्यावर पहिल्यांदा फोन लागला. "हॅलो! कोण आहे? कोण बोलते?" आबाजींचा आवाज आला. मैथिली ओरडली, "आबाजी, मी! मी मैथिली!" घसा फाटेस्तोवर ओरडली. तिकडून थकलेला स्वर आला, "कोणीच बोलत नाही बाप्पा." आणि फोन बंद झाला.

तीन दिवस मैथिली बोलली नाही. तळे होते, धुके होते, सारसांची जोडी शेतात उतरली होती. पण सांगायचे कुणाला?

चौथ्या सकाळी तिने स्वतः वही मागितली.

"तू सांग, मी लिहून देते," ज्योत्स्ना म्हणाली.

"नको. मग ते तुझं होईल."

ती ओसरीवर बसली, मांडी घालून, ओठ दातांत धरून. एक अक्षर उमटले, पुसले गेले. पुन्हा उमटले, पुन्हा पुसले गेले. कागद झिजला, बोटे काळवंडली, धुके विरले, ऊन अंगणभर पसरले. पोर उठली नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत उंबऱ्याशी आली, तेव्हा चार ओळी उभ्या होत्या. वाकड्या, थरथरत्या, पण उभ्या.

ज्योत्स्नाचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला.

मैथिलीने दोन्ही तळव्यांनी पान झाकले. "आई, आधी वाच ना. चुका मग शोध."

ज्योत्स्ना थबकली. पेन तिने खाली ठेवले. तळवे हळूच दूर झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने लेकीचे लिहिणे वाचले.

'आबाजि, सारस आले. दोगं आहेत. एक थांबला की दुसरा पण थांबते. तुमाला आता आईकू येत नाही तर मी थांबली आहे.'

शब्दाशब्दात काना-मात्रेची वानवा होती. पण शब्दाशब्दात मैथिली होती, अखंड, उजळ, श्वास घेणारी. ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. "आबाजींना हे कळेल का?" पोरीने विचारले.

"सगळं कळेल. वेलांट्या आपण उद्या बघू. आज हे असंच जाऊ दे."

मग तिने वहीतले एक कोरे पान फाडले. चाळीस मुले अजून हसत होती, कुठेतरी, आत. तरी तिने लिहिले, 'बाबा,' आणि थांबली. मैथिली शेजारी सरकली, म्हणाली, "मी बसते इथे. तू लिही." आणि ज्योत्स्नाने दुसरी ओळ लिहिली.

मग पौषभर हाच नेम. रोज सकाळी मायलेकी ओसरीवर, दोन पाने, दोन लेखण्या. कधी दहा ओळी, कधी एकच. पण कोरा दिवस नाही. आधी वाचायचे, मग दुरुस्त करायचे, तेही तीनच शब्द. हेमराज बाजाराच्या दिवशी पाकिटे टपालात टाकी. उत्तर येत नव्हते. आबाजींना वाचता येई, पण हाताला धागाच ठाऊक होता, लेखणी नाही. तरीही त्या लिहीत राहिल्या.

माघात तिघे गावी गेले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांची पावले थांबली. अंगणातून आबाजींचा आवाज येत होता. स्वतःलाच ऐकू न येणारा, म्हणून आभाळाएवढा मोठा. ते अक्षर अक्षर जुळवत वाचत होते, आणि माग थांबवून शेजारचे विणकर ऐकत होते. "दोगं आहेत! एक थांबला की दुसरा पण थांबते!" कुणी हसत नव्हते. मैथिली धावत सुटली.

ज्योत्स्ना मात्र कवाडाशी उभी राहिली. नातीला कुशीत घेतलेल्या आबाजींनी अजून तिला पाहिले नव्हते. त्यांनी दुसरा कागद उलगडला, 'बाबा' या शब्दावर बोट ठेवले, आणि तो गडगडता आवाज मंद झाला, मंद होत होत विरून गेला. नुसते ओठ हलत राहिले, आणि ते कोसा विणणारे, जाड, खरबरीत बोट लेकीच्या ओळीखालून सरकत राहिले, सावकाश, सावकाश, एकही अक्षर न सांडता.