नवव्या मुलीचा नियम

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या झिम्मा मंडळात सहा बायका होत्या आणि त्यांतली सहावी कोरियन होती. याबद्दल मंडळाच्या घटनेत काही म्हटलेलं नव्हतं, कारण मंडळाला घटनाच नव्हती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

तिला आणलं मृणालिनी केळकरनं. दोघी डच भाषेच्या संध्याकाळच्या वर्गात एका बाकावर बसत. एकदा बाईंनी प्रत्येकाला आपल्या कामाबद्दल दोन वाक्यं बोलायला सांगितली. मृणालिनी म्हणाली, मी फुलं निर्यात करणाऱ्या कंपनीत पगारपत्रकं बघते. शेजारची सडपातळ मुलगी उभी राहिली, सगळ्या वर्गाला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "माझं नाव सूरिन. मी विश्रांती घेते."

घरी येऊन मृणालिनीनं वर्गातला फोटो दाखवला, तेव्हा तिची पंधरा वर्षांची मुलगी जुई सोफ्यावर उठूनच बसली. "आई! ओ माय गॉड! ही लूनारियामधली नाइन्थ वन आहे!"

"म्हणजे मोठी आहे का गं?"

"नो, नो. नाइन्थ वन कुणालाच आठवत नाही."

लूनारिया हा सोलचा नऊ मुलींचा पॉप गट. सूरिन बाराव्या वर्षी गटाच्या कंपनीत दाखल झाली. आरशांच्या खोलीत सकाळपासून नाच, दुपारी गळा, संध्याकाळी वजनकाटा आणि परत नाच. अशी सात वर्षं काढल्यावर ती रंगमंचावर आली. गटात कुणी मुख्य गायिका होती, कुणी मुख्य नर्तिका, कुणी केवळ सुंदर. सूरिनचं अधिकृत पद होतं 'दृश्य समतोल'. म्हणजे मधल्या मुलीच्या उजव्या हाताला चार मुली असल्या की डाव्या हातालाही चार लागतात, त्यांतली शेवटची. सगळ्या गाण्यांत मिळून तिच्या वाट्याला आलेली ओळ होती 'ओ, ओ, ये', आणि तीही आणखी एकीबरोबर. गाणं सुरू होण्याआधी चाहते एकेकीच्या नावाचा गजर करायचे. आठवं नाव संपता संपता ड्रम वाजायचा. सूरिनचं नाव त्या ड्रमखाली गेलं ते गेलंच.

युरोपच्या दौऱ्यात त्यांची बस झूटरमेरजवळ हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबली. मुली स्वच्छतागृहात जाऊन आल्या, मॅनेजरनं डोकी मोजली, ती आठ भरली, त्याला ती बरोबर वाटली आणि बस निघून गेली. पुढच्या शहरात कार्यक्रम उत्तम झाला. पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आल्यावर कंपनीनं निवेदन काढलं, की सूरिन प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती घेत आहे. कंपनीचा शब्द मोडायचा नाही असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तेव्हापासून ती रायस्वाइकमध्ये विश्रांतीच घेत होती, आणि पोटापाण्यासाठी समाजकेंद्रात आजी-आजोबांचे व्यायाम घेत होती. खेमेन्तेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, तिचा व्यवसाय 'कलाकार, थांबलेली' असा नोंदवलेला होता. डच कारकुनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या वहिनीचंही तसंच होतं.

मृणालिनीला तिची गरज होती. दर श्रावणात झूटरमेरच्या सभागृहात मंगळागौरीची स्पर्धा व्हायची आणि दर श्रावणात आइंडहोवनच्या बायका जिंकायच्या. त्यांचे नवरे चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करत. फुगडीच्या गिरकीचा कोन त्यांनी संगणकावर बसवला होता, अशी वदंता होती, आणि तोही नॅनोमीटरमध्ये. रायस्वाइकला दरवर्षी 'उत्साह दांडगा' एवढाच शेरा मिळे.

पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मृणालिनीनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी ती या देशात आली तेव्हा तिच्या व्हिसावर 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. पुढे नोकरी लागली, सायकल आली, पासपोर्ट बदलला, तरी प्रत्येक समारंभात ती 'श्यामकांतची मिसेस' म्हणून फोटोच्या कडेलाच उभी राहत आली होती. एकदा तरी आपण मधे उभं राहावं आणि लोकांनी आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या सरावाला सूरिननं सगळे खेळ पाहिले. झिम्मा, बसफुगडी, पिंगा. मग विचारलं, "मधे कोण?"

"मधे कुणी नाही. गोल करायचा असतो," मृणालिनी म्हणाली.

"आणि शेवटी कोण?"

"गोलाला शेवट कुठे असतो गं?"

असा नाच असू शकतो हे सूरिनला कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं. पण शिस्त ती शिस्त. तिनं गोलाच्या मधोमध खडूनं फुली काढली आणि मृणालिनीकडे बोट दाखवलं. "ओन्नी, तू मधे." ओन्नी म्हणजे ताई.

तोंडानं मृणालिनी "अगं, मी कशाला" असं म्हणाली, पण तोवर फुलीवर जाऊन उभीसुद्धा राहिली होती.

गटाचं नाव 'गौरी सिक्स' ठरलं. चित्रा देवस्थळी उखाण्यांत तरबेज, तिला मुख्य रॅपर केलं. गाणं संपताना कॅमेऱ्याकडे बघून धापा टाकण्याची कोरियन पद्धत असते. ती मात्र सूरिनला शिकवावी लागली नाही. धापा टाकण्यात बायका मुळातच जागतिक दर्जाच्या होत्या.

मग सूरिननं नियम सांगितला. "आयडॉलला प्रियकर नसतो. दिसला तर चाहत्यांचं मन मोडतं."

"प्रियकर कुणाला आहे बाई इथं?" चित्रा म्हणाली. "नवरे आहेत."

सूरिननं विचार केला. "ते तर फारच वाईट."

मंगळागौर ही नवऱ्याला उदंड आयुष्य लाभावं म्हणूनच असते, हे तिला समजावून सांगण्यात आलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. उदंड आयुष्याला तिची हरकत नव्हती. ते त्यांनी घरात बसून उपभोगावं.

बायकांनी नियम मान्य केला. काहींनी जरा फारच पटकन केला. नवऱ्यांनी सुपरमार्केटात दहा पावलं मागून चालावं असं ठरलं. तसे ते चालतच होते, त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

जुईनं सरावाच्या चित्रफिती टाकायला सुरुवात केली आणि काय झालं कुणास ठाऊक, गौरी सिक्सला चाहते मिळाले. मराठी पोरी होत्या, झूटरमेरचा एक निवृत्त पोस्टमन होता, फ्रीसलंडमधलं एक अख्खं विणकाम मंडळ होतं. मृणालिनीच्या नावाचे टी-शर्ट निघाले. आणि जुलैत घात झाला. कोथिंबिरीच्या एकाच जुडीला मृणालिनीचा आणि श्यामकांतचा हात लागलेला फोटो कुणीतरी टाकला. खाली प्रश्न होता, 'हा कोण?'

विणकाम मंडळानं सुया खाली ठेवल्या. पोस्टमननं टी-शर्ट परत पाठवला. सूरिनच्या सल्ल्यानं मृणालिनीनं काळा ड्रेस घालून निवेदन केलं. "झाल्या प्रकाराबद्दल मी क्षमा मागते. श्री. केळकर आणि मी एका घरात राहतो हे खरं आहे. पण ते केवळ घरांच्या टंचाईमुळे."

या देशात दुसरं कुठलंही कारण चाललं नसतं. हे मात्र सगळ्यांना पटलं. उलट सहानुभूतीचे संदेश आले. एका बाईंनी लिहिलं, मीही गेली सात वर्षं घटस्फोटित नवऱ्यासोबत राहते, धीर धरा. पोस्टमननं टी-शर्ट परत मागवला.

श्यामकांत हा विमा कंपनीत सॉफ्टवेअर करणारा शांत गृहस्थ. निवेदन त्यानं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पाहिलं. घरी आल्यावर तो दारात बूट काढत म्हणाला, "नमस्कार. मी वरच्या खोलीतला."

"चेष्टा करू नकोस, श्याम."

"श्री. केळकर म्हणा. आणि अहो-जाहो करा. भिंतीला कान असतात, आणि आपल्याकडच्या कानाचा फोन सतत चालू असतो."

जुईनं फोन खाली न ठेवताच मान डोलावली.

मग घरात तसंच सुरू झालं. "मीठ कुठे आहे हो?" "सामाईक कपाटात बघा." दोन दिवस मजा वाटली, चौथ्या दिवशी मृणालिनीला चुकल्यासारखं व्हायला लागलं. गुरुवारी तिच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून संदेश आला. 'डीमन, अ‍ॅमस्टरडॅमजवळ. मेट्रोच्या मागे कालव्याकाठचं बाक. सहा वाजता. आपल्या ओळखीचं कुणी तिथं राहत नाही.'

ती गेली. बाकावर टोपी, काळा चष्मा आणि मास्क लावलेला माणूस बसला होता. हातात स्टीलचा डबा होता.

"भाकरवडी आहे," माणूस म्हणाला. "मी केलीय. जराशी करपलीय."

"तू केलीस?" एकोणीस वर्षांत श्यामकांतनं चहापलीकडे काही केल्याचं तिला आठवत नव्हतं. आपली वाट बघत बसल्याचंही आठवत नव्हतं. वाट बघायची वेळच आली नव्हती. ती नेहमी घरातच असायची.

"फुलीवर उभी राहतेस तेव्हा छान दिसतेस," तो म्हणाला. "मी बघतो रोज. वेगळ्या नावानं अकाउंट काढलंय."

"कुठल्या?"

"सांगणार नाही."

मृणालिनी लाजली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, ट्रामच्या खडखडाटात, स्वतःच्याच नवऱ्यापुढे. परतताना दोघं मेट्रोच्या वेगवेगळ्या डब्यांत बसली. घरी पोचल्यावर त्यानं विचारलं, "उशीर झाला का हो तुम्हाला?" आणि ती म्हणाली, "हो ना, ऑफिसात फार काम." त्यानंतर दर गुरुवारी डीमन. तिथे 'तू', घरी 'तुम्ही'. सराव करताना मधल्या फुलीवर उभी असली तरी तिचं अर्धं लक्ष आता गुरुवारकडे असायचं.

आणि स्पर्धा आली.

झूटरमेरचं सभागृह भरलं होतं. चाहते रंगीत दिव्यांच्या कांड्या घेऊन आले होते, विणकाम मंडळानं त्या कांड्यांना लोकरीचे मोजे घातले होते. आइंडहोवनच्या बायका आधी नाचल्या, निर्दोष नाचल्या. मग आयोजकांनी जाहीर केलं की यंदा मुख्य खेळाडूच्या उखाण्याला दहा गुण आहेत. नाव घेतल्यावर त्या नावाच्या गृहस्थांना मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देण्यात येईल.

विंगेत सूरिननं मृणालिनीचा हात धरला. "ओन्नी, नियम रद्द. नाव घे."

"अगं, पण चाहते?"

"मी कधीच जिंकले नाही. सात वर्षं नियम पाळला. बाकीच्या आठही जणींना कुणी ना कुणी होतं, मला नंतर कळलं. नियम पाळणारी मी एकटीच होते." तिनं नाक पुसलं. "नाव घे. जिंकू या."

चित्रा म्हणाली, "घे की. नवराच आहे तुझा, काही चोरी आहे का?"

तीच तर अडचण होती.

त्या दिवशी गौरी सिक्स जशी नाचली तशी पूर्वी कधी नाचली नव्हती. झिम्मा झाला, पिंगा झाला, मृणालिनी फुलीवर आली, सगळे दिवे तिच्यावर आले. चौदा वर्षं हवं होतं ते हेच. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं आणि ओरडत होतं, "नाव घ्या! नाव घ्या!"

शेवटच्या रांगेच्याही मागे, कोटांच्या स्टँडला टेकून, टोपी आणि मास्क लावलेला माणूस उभा होता. त्याच्या हातात एकच मोजा घातलेली कांडी होती.

मृणालिनीला दिसलं पुढचं सगळं. नाव घ्यायचं, त्यानं मास्क काढून मंचावर यायचं, शाल, नारळ, टाळ्या. चषक मिळेल. आणि येत्या गुरुवारी दोघं घरीच असतील. तो विचारेल, जेवायला काय आहे. ती सांगेल, आमटी.

तिनं माइक हातात घेतला.

"डीमनला उतरते मी, मागे वळून पाहत नाही,
आहे कुणी ओळखीचं, पण नाव घेत नाही."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. "अहो, नाव?" निवेदिका म्हणाली. "नावाशिवाय गुण नाहीत हं."

"मग राहू देत," मृणालिनी म्हणाली.

मागे कोटांच्या स्टँडजवळ काहीतरी धडपडल्याचा आवाज झाला. दोन कोट खाली पडले.

"बाकीच्यांपैकी कुणी घेतंय का?" निवेदिकेनं घड्याळ बघत विचारलं. चित्रानं ओठ उघडलेच होते, मुख्य रॅपर होती ती. पण मृणालिनी फुलीवरून बाजूला झाली आणि तिनं माइक कडेला उभ्या असलेल्या सूरिनच्या हातात दिला.

सूरिन फुलीवर आली. तिला एवढंच ठाऊक होतं की इथं नाव घ्यायचं असतं. आणि घेण्यासारखं नाव तिच्याकडे एकच होतं. चित्रानं तिच्याकडून गंमत म्हणून एक उखाणा, नावाची जागा मोकळी ठेवून, पाठ करून घेतला होता. तो तिनं डोळे मिटून म्हटला, एकेक अक्षर दगडासारखं ठेवत.

"बस गेली पुढे, मी राहिले पंपावर,
सूरिनचं नाव घेते, सगळ्यांच्या सांगण्यावर."

मग पोस्टमन उठला. त्यानं कांडी उंच धरून आरोळी ठोकली, "सू-रिन!" विणकाम मंडळ उठलं. पोरी उठल्या. सूरिन पुढचा ड्रम केव्हा वाजतो याची वाट बघत मान खाली घालून थांबली. ड्रम वाजला नाही. ढोलकीवाला स्वतःच ओरडत होता.

स्वतःचं नाव घेणं नियमात बसत नाही, असा परीक्षकांनी निर्णय दिला. आइंडहोवन जिंकलं. रायस्वाइकला शेरा मिळाला, 'उत्साह दांडगा, नवरे अस्पष्ट'.

परतीच्या मिनीबसमध्ये सूरिननं डोकी मोजली. सहा. परत मोजली. चित्रा म्हणाली, "अगं, स्वतःला धरून मोजलंस ना?" सूरिननं बोट स्वतःच्या छातीवर ठेवून तिसऱ्यांदा मोजलं, मग ड्रायव्हरला मान हलवून निघायला सांगितलं.

सभागृहासमोरच्या ट्रामच्या थांब्यावर टोपीवाला माणूस एकटाच उभा होता. जागा रिकामी होती बसमध्ये. "अगं, तुझा तो भाडेकरू ना?" चित्रानं काचेला नाक लावलं. "घ्यायचं का त्याला?"

"कोण?" मृणालिनी म्हणाली आणि समोर बघत राहिली. बस त्याच्या अगदी जवळून गेली. त्यानंही मान वळवली नाही, कसलेला माणूस होता. पुढच्या सिग्नलला तिचा फोन वाजला.

'गुरुवारी शंकरपाळे. पीठ किती मळायचं?'