मैदानाखालची भिंत

बोटभर लांबीची काचेची पट्टी, दोन्ही टोकांना चुन्याने भिंतीला चिकटवलेली, आणि तिच्यावर काच कापायच्या हिऱ्याने कोरलेली अक्षरं – आ. ब., एप्रिल १९६२... अख्खी. सत्तावन्न वर्षं मातीखाली राहून अख्खी. मैदानात खणलेल्या खड्ड्याच्या काठावर काठी रोवून उभ्या असलेल्या आउरेल बर्सानला वाटलं, या बाईने आपल्याला मुद्दाम बोलावून घेतलंय.

"बर्सानकाका, ही अक्षरं तुमचीच ना?" खड्ड्यातून स्मरांदाने विचारलं.

बोलणं गोड. परवा घरी आली तेव्हाही असंच – मी वास्तुरचनाकार, लष्करी महाविद्यालयाचा इतिहास लिहितेय, जुन्या बांधकाम-खात्यातले तुम्हीच काय ते उरलात – आणि बायकोच्या, वेताच्या, हातचा आलुबुखाराचा मुरंबा दोनदा मागून खाल्ला. वेता खूश. तो मात्र तिच्या वहीवर नजर ठेवून होता. सम्राटाच्या काळातल्या पिवळ्या इमारती, राजाने चढवलेला मजला, कमानींचा व्हरांडा, हे सगळं तो सांगत होता तोवर वही मिटलेली. मैदानातल्या चर्चचा विषय निघाला आणि ती उघडली. उगाच?

कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात संचलनाला मैदान पुरेना, आणि ऐन मध्यात ते चर्च. मेजर स्तोइकांनी चोवीस वर्षांच्या आउरेलला एवढंच सांगितलं होतं की, भिंतीला तडा आहे म्हणतात, जरा बघ. त्याने तड्यावर तीन पट्ट्या बसवल्या, वर दोन, तळघरात एक. भिंत सरकली की काच फुटते. आठ दिवसांनी त्याने लिहून दिलं : तिन्ही फुटल्या, इमारत धोक्याची. जूनमध्ये चर्च पाडलं, तळघर मातीने बुजवलं. आणि हिवाळ्याआधी त्याला आवारातच दोन खोल्यांचं घर मिळालं. खिडकी मैदानावर उघडणारी.

आणि तळघरातली पट्टी तर ही समोर अख्खी. तो अहवाल हिने वाचलाय. नक्कीच वाचलाय... नाहीतर इतकी शांत कशी?

"वरचं ओझं गेल्यावर भिंत कशाला हलेल?" तो म्हणाला. असं कुणी विचारलंच नव्हतं.

"तेही खरंच." तिने वर पाहिलं. "मला फक्त दरवाजा कुठल्या बाजूला होता ते हवंय, काका. नकाशात खाडाखोड आहे. अहवाल वगैरे तर काहीच सापडत नाही, सगळं जळालं म्हणतात."

पश्चिमेला होता, असं त्याने सांगितलं. तिने लिहून घेतलं, उन्हात उभे राहू नका म्हणाली आणि पुन्हा माती झाडू लागली.

एवढंच. तिला खरोखर दरवाजाच हवा होता. आता संशय घ्यायला समोर कुणी उरलं नाही, आणि मग वरच्या दोन पट्ट्या आठवल्या. त्या फुटल्या होत्या, खोटं नाही; काच तुटल्याचा तो बारीक आवाज अजून कानात आहे... पण भिंतीने फोडलेली काच कुणी नसताना फुटते, आठ दिवसांत कधीतरी. त्याने आवाज ऐकला कसा? म्हणजे तो तिथे होता. मेजरही होते. असणारच – काच फोडणारा हात त्यांचाच असणार. त्याने आठवणीत मेजरांना पुन्हा पुन्हा त्या तड्यापाशी नेऊन उभं केलं, आणि प्रत्येक वेळी ते दाराशीच राहिले, पाठमोरे, सिगारेट पेटवत.