हरणाबाईचा तांब्या

‘थांबू नका बंडप्पाकाका, अजून चौदा मिनिटं आहेत,’ संघप्रिया मॅडम म्हणाल्या.

बंडप्पा धाराशिवच्या प्रशिक्षण हॉलमागे नळाखाली एक रबरी हात धरून उभा होता. भाजलेल्या माणसाला दवाखान्यात पोचवेपर्यंत काय करायचं, ते शिकवायला ॲम्ब्युलन्सवरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. अठरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला आता हे काय शिकवणार, असं म्हणत बंडप्पा चहाच्या आशेने आला होता.

‘वीस मिनिटं पाणी सोडायचं? आमच्याकडं प्यायला टँकर येतोय, मॅडम.’

सगळे हसले. मॅडमही हसल्या. ‘मग खाली घमेलं ठेवा. पण आधी पाणी, मग गाडी.’

‘आन् फोड येत्यात त्याचं काय? भाजल्यावर पाणी घातलं की फोड येत्यात, लहान पोराला बी ठावं हाय.’

‘फोड भाजल्यामुळं येतात, काका. पाण्यामुळं नाही. पाण्यानं आतली आग निवते, भाजणं खोल जात नाही.’

बंडप्पाने रबरी हात पुन्हा पाण्याखाली सरकवला.

नऊ वर्षांपूर्वी नळदुर्गजवळच्या एका ढाब्यावर भज्यांचं उकळतं तेल सांडलं होतं. तिथे भाकऱ्या थापणाऱ्या हरणाबाईची पौर्णिमा तेव्हा सात वर्षांची. तिचा उजवा हात भाजला. बंडप्पा पोचला तेव्हा हरणाबाई रांजणातून तांब्या भरभरून लेकीच्या हातावर ओतत होती. गाडीवर तो एकटाच होता. त्याने तिच्या हातातला तांब्या हिसकावून घेतला. ‘येडी हाय का तू? फोड येतील पोरीला!’

मग त्याने पस्तीस मिनिटांत सोलापूर गाठलं. गावाने शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. ती शाल अजून त्याच्या पेटीत होती. पौर्णिमाची तीन बोटं मात्र आत वळली ती कायमची.

‘म्याच पाणी घातलं, म्हणून लेकराचा हात वाकडा झाला,’ हरणाबाई अजूनही म्हणायची. ‘तुमी देवमाणूस, वेळेवर आलात.’ बंडप्पा त्या रस्त्याने गेला की ती त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. आपल्याला कुणी देवमाणूस म्हटलेलं कुणाला नको असतं? बंडप्पाला आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं.

बाकीचे चहाला गेले तरी तो नळापाशीच राहिला. वीस मिनिटं भरल्यावर त्याने विचारलं, ‘मॅडम, पाणी चालू असताना मधीच कुणी बंद केलं, तर?’

‘कुणी केलं?’

‘म्या.’

त्याने सगळं सांगितलं. मॅडमनी त्याची समजूत घातली नाही. ‘उकळतं तेल होतं. पाणी चालू राहिलं असतं, तरी हात कदाचित असाच वाकडा झाला असता, किंवा बराही झाला असता. आज सांगता येत नाही. पण ती बाई बरोबर करत होती, काका.’

मॅडमखेरीज हे कुणालाच माहीत नव्हतं. तो गप्प बसला असता तर शाल पेटीत राहिली असती आणि चहाही चालू राहिला असता. एसटीत बसल्यावर हा विचार त्याच्या मनात दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याला स्वतःची लाज वाटली.

तो ढाब्यावर पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. हरणाबाई चुलीपुढे होती. शेजारच्या बाकावर सोळा वर्षांची पौर्णिमा डाव्या हाताने वहीत लिहीत होती.

‘या, बसा. चहा टाकते.’

‘चहा नगं. आदी माझं ऐक.’ तो उभाच राहिला. ‘तवा तू पाणी घालत होतीस ना, ते बरोबर होतं. फोड पाण्यानं येत न्हाईत. आज शिकवलं आमाला. चुकलं माझं. म्या तुझा तांब्या घ्यायला नगं होता.’

तिचे थापणारे हात परातीतच थांबले.

‘माझ्यामुळं न्हाय झालं?’

‘न्हाय. तुझ्यामुळं न्हाय.’

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग होता की नव्हता, ते त्याला कळेना. तिने ओरडावं, असं त्याला फार वाटलं.

‘नऊ वर्सं झाली,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘पोरीचा हात हातात घेऊन एकदा रडले न्हाय म्या. वाटायचं, मीच केलंय, मला काय हक हाय?’

ती उठली. पीठ तसंच ठेवून बाकापाशी गेली आणि लेकीची वळलेली बोटं तिने आपल्या दोन्ही हातांत घेतली. पौर्णिमाचं पेन खाली पडलं.

तव्यावर भाकरी करपत होती. बंडप्पाने ती उतरवली, चुलीतलं लाकूड मागे ओढलं, आणि कुणी बस म्हणेल याची वाट न बघता तो रस्त्याकडे निघाला.