डावी बाजू भिंतीकडे

होय, मीच बोलतोय, कुंपणाशी उभा असलेला करडा घोडा. करडा म्हणायचं ते जुन्या सवयीनं. जन्मलो तेव्हा काळाभोर होतो, मग वयाबरोबर रंग उतरत गेला. माणसांचंही असंच होतं म्हणा, पण ती वेळेवर कलप लावतात.

चौदाव्या वर्षी मी एका घोडेव्यापाऱ्याच्या तबेल्यात होतो. तोवर माझ्या डाव्या डोळ्यावर पडदा आला होता. व्यापाऱ्याला ते ठाऊक होतं. गिऱ्हाईक आलं, की तो माझी डावी बाजू भिंतीकडे करायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा.

एके सकाळी दातांचे एक डॉक्टर बायकोला घेऊन आले. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून ते कंटाळले होते. सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या पायवाटांवर एकट्यानं रपेट करायची, कुणाचं काही ऐकायचं नाही, हे त्यांचं स्वप्न. बूट आणि टोपी घेऊन झाली होती. घोडा तेवढा राहिला होता.

“वय किती?”

“नऊ, डॉक्टरसाहेब. आणि स्वभावानं अगदी गरीब गाय.”

डॉक्टरांनी माझा जबडा उघडला, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, “बरोबर, नऊच. हिरड्या उत्तम आहेत.” तोंड उघडं असल्यामुळे मला काही सांगता आलं नाही. त्यांच्या पेशंटांचंही असंच होत असणार.

“अहो, जरा पलीकडून पण बघा की,” बाई म्हणाल्या.

“तुला घोड्यातलं काय कळतं?” असं म्हणून त्यांनी सौदा पक्का केला.

पहिल्याच रपेटीत घोळ झाला. पायवाटेच्या डाव्या अंगाला उतार होता, म्हणजे माझ्या लेखी नुसता अंधार. त्या अंधारात काहीतरी सळसळलं. मी दचकून उजवीकडे उडी मारली आणि डॉक्टर बुटांसकट काटेरी झुडपात गेले. टोपी वाऱ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांपुढं हात हलवला. “डावा गेलाय याचा, आता उजव्यावरच भिस्त. तुम्ही काय, दातच बघितलेत वाटतं?”

आमच्या डॉक्टरांनी व्यापाऱ्याला फोन केला. “तुम्ही डोळ्याचं विचारलंच कुठं?” तो म्हणाला. दोन दिवस त्याला शिव्या देऊन झाल्यावर डॉक्टरांनी मला विकायला काढलं.

एक निवृत्त मास्तर नातीसाठी घोडा बघायला आले. तेवढ्यात डॉक्टरांनी मला आवारात आणलं आणि डावी बाजू भिंतीकडे करून उभं केलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“स्वभावानं अगदी गरीब,” ते सांगू लागले.

बाई ओट्यावर उभ्या होत्या. आजवर त्यांनी मला बोटही लावलं नव्हतं. घोड्याची त्यांना भीतीच वाटायची. त्या खाली आल्या, माझी दोरी धरली आणि मला सरळ फिरवलं.

“मास्तर, आधी हा डोळा बघा. यानं त्याला दिसत नाही. पोरगी बसणार आहे ना?”

मास्तरांनी हात जोडले आणि निघून गेले.

“विकला गेला असता तो!” डॉक्टर ओरडले.

“हो ना. म्हणूनच सांगितलं.”

तिसऱ्या दिवशी सुट्टी आली. डॉक्टरांनी मुकाट्यानं खोगीर चढवलं, तर बाई पायात जुने बूट घालून माझ्या डाव्या बाजूला हजर. “चला. मी सांगते त्याला कुठं काय आहे ते.” आणि त्या सांगू लागल्या: “दगड आहे रे. थांब. आता जा.”

पुढं डॉक्टरांचं गुडघ्याचं दुखणं निघालं, गुडघा दुमडून खोगिरावर बसणं बंद आणि चालणं सक्तीचं झालं, आणि जागांची अदलाबदल झाली. आता बाई खोगिरावर असतात, डॉक्टर डावीकडून चालतात. बाईंचा हात माझ्या मानेवर आणि तोंड चालू. घरात, नात्यात, मनात जे काही वर्षानुवर्षं साचलं होतं, ते त्या सगळं बोलतात. डॉक्टरांना ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. मधूनमधून ते फक्त “खड्डा आहे” एवढंच म्हणतात, ते माझ्यासाठी.

आता मी पांढराफटक झालोय आणि उजव्या डोळ्यालाही अलीकडे धूसर दिसतं. कधीतरी मला कुणाच्या हवाली करायची वेळ येईलच. तेव्हा खोगीर ठेवून घ्या, लगामही ठेवून घ्या. डाव्या बाजूनं चालणारं माणूस मात्र माझ्यासोबत द्या.