तळहातावरचं वजन

बाजारात त्याला सगळे काटा म्हणायचे. कॉम्प्युटर दुरुस्तीत वीस वर्षं घालवलेला माणूस, पण पॉवर सप्लाय निवडायचा झाला की डबा तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचा, दोनदा वर-खाली करायचा आणि निकाल द्यायचा, "हा चालेल," नाहीतर "हा कचरा आहे." भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला बेताने वाटणारा हा डबा. आत तांबं-लोखंड भरपूर असेल तर जड लागणार, बनवणाऱ्याने हात आखडला असेल तर हलका. एके काळी हे खरंही होतं. पुढे बनवायची रीत बदलली, चांगला माल हलका झाला, पण ते याला सांगणार कोण? सांगणाऱ्याला तो दुकानाबाहेर काढायचा.

त्याची धाकटी बहीण त्याच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. आजार असा की आधी बोटं गेली, मग हात गेले आणि आता जीभ जड व्हायला लागली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, वर्षभरात आवाज जाईल. आणि ही बया कोण, तर गेम खेळताना हेडफोन लावून चार-पाच जणांना फैलावर घेणारी. "मेल्या, झोपलास का तिकडे?" असं तिने म्हटलं की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. ती गप्प होणार, ही कल्पनाच काट्याला सोसत नव्हती.

म्हणून चार महिने तिने आपला आवाज साठवला. ठरवून दिलेल्या यादीतली अकराशे वाक्यं, एकेक म्हणून, तिच्याच गेमिंगच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली. त्यांतून एक प्रोग्राम तिचा आवाज घडवणार होता. पुढे ती नजरेने अक्षरं निवडणार आणि मशीन तिच्या आवाजात बोलणार, शिव्यांसकट. शेवटची वाक्यं भरताना शब्द घसरायला लागलेच होते. वेळेत सुटलो म्हणून दोघांनीही निःश्वास टाकला.

घोडं अडलं ते पुढेच. आवाज घडवायचं काम सुरू केलं की सगळा हिशेब करणारं ग्राफिक्स कार्ड भरमसाट वीज ओढायचं आणि जुना सप्लाय मान टाकायचा. बहिणीने आठ दिवस पडल्या पडल्या, नजरेनेच पडदा सरकवत, वाचून काढलं आणि एकच नाव दादाच्या मोबाइलवर पाठवलं.

"हाच आण," ती म्हणाली. "लोकांनी उघडून, भार टाकून तपासलाय."

"वाचून सप्लाय कळला असता तर मी दुकान कशाला थाटलं असतं?"

"दादा, माझा आवाज आहे त्या मशीनमध्ये. शहाणपणा करू नकोस."

"कॉपी काढलीय मी सगळ्याची, दुसऱ्या डिस्कवर. तू निवांत राहा."

कॉपी खरंच काढली होती. ती डिस्क त्याने त्याच कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये, पहिलीच्या शेजारी बसवली होती. गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगायचा, की कॉपी मशीनच्या बाहेर ठेवा. घरच्या कामाला मात्र चलता है.

बहिणीने पाठवलेलं नाव दाखवल्यावर घाऊक दुकानदाराने त्याच ताकदीचे दोन डबे काउंटरवर ठेवले. बहिणीने सांगितलेला उचलला तर हाताला काहीच लागेना. दुसरा उचलला आणि काट्याचा चेहरा खुलला.

"अहो, हल्ली वजनावर काही नसतं," दुकानदार म्हणाला. "तुमच्या बहिणीला कळतंय, तिचंच ऐका."

"माझा हात कधी चुकलाय का?" काट्याने विचारलं आणि जड डबा पिशवीत टाकला. तिच्यासाठी सगळ्यांत भक्कम वस्तू घ्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं हो. हेच सगळ्यांत वाईट.

घरी येऊन त्याने तो बसवला आणि काम सुरू केलं. बहीण उशीवरून पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा वर चढताना बघत होती. चाळीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग फट् असा आवाज झाला, पडदा काळा पडला आणि खोलीत जळका वास भरला. काट्याने धावत जाऊन वायर उपटली.

दुकानात नेऊन त्याने डबा उघडला. आतले भाग टीचभर, आणि तळाशी गोंदाने चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी. कुठेही न जोडलेली. त्याच्यासारख्यांच्या हाताला फसवायलाच कोणीतरी ती बसवली होती. पट्टी तळहातावर घेऊन तो खाली बसला. डिस्कवरचं परत मिळवून देणारा त्याचा मित्र होता, त्याने दोन्ही डिस्क दोन दिवस तपासल्या.

"सप्लाय फुटताना जादा वीज घुसून दोन्हींतल्या चिपाच जळल्यात," मित्र म्हणाला. "एक तरी बाहेर ठेवायची होतीस रे."

घरी जाऊन त्याने बहिणीला सगळं सांगितलं, पट्टीसुद्धा दाखवली. शिवी देईल, तोंड फिरवेल, काहीतरी करेल असं त्याला वाटलं होतं.

"पुन्हा भरू," ती म्हणाली. शब्द एकमेकांत अडकले होते.

त्याने स्वतःचा लॅपटॉप आणला, तोच प्रोग्राम घातला, माइक तिच्या तोंडाशी धरला. पडद्यावर यादीतलं पहिलं वाक्य आलं : मला थंडी वाजतेय, खिडकी लाव.

तिने ते म्हटलं. लॅपटॉपमधून गोड, परका आवाज आला, "नीट ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा बोला." तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा तोच गोड आवाज. तिसऱ्यांदा तिने ओठ घट्ट दाबून एकेक अक्षर बाहेर ढकललं, कपाळावर घाम आला, आणि प्रोग्रामने तेच सांगितलं.

"राहू दे गं," काटा म्हणाला. "उद्या बघू."

तिने नकाराची मान हलवली आणि चौथ्यांदा म्हटलं. मशीन पुन्हा नाही म्हणालं. काट्याला मात्र प्रत्येक शब्द समजला होता. तो उठला आणि त्याने खिडकी लावली.